साठाचा पूरक तीस? कोण म्हणतं?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलंय : मुलगा सातवीत आहे. क्लासचे सर ६० अंशांचा पूरककोन ३० सांगतात, पुस्तकावरून तो १२० येतो. खरं काय? आणि पूरककोन आणि रेषीय जोडी यांत फरक काय?

पुस्तक बरोबर, ताई. मराठीत बेरीज ९० झाली तर कोटिकोन, १८० झाली तर पूरककोन. सर बहुधा हिंदी व्हिडिओ बघून शिकवत असावेत. हिंदीत ९० ला पूरक आणि १८० ला संपूरक म्हणतात, तिथं ते ठीकच आहे. पण तिकडचा पूरक इकडच्या वहीत आणला की पोराचा मार्क गेलाच! त्यात काही शहाणे म्हणतात, ‘पूरक आहार’ म्हणतो ना, तसाच हा पूरक, म्हणून नव्वदच. अहो, पूरक म्हणजे भरून काढणारा. काटकोन भरायचा की सरळकोन, हे त्या शब्दात कुठं लिहिलंय?

कोटि मात्र बोलका शब्द. संस्कृतात कोटि म्हणजे धनुष्याचं टोक. वर्तुळाचा कंस तो चाप, त्याची टोकं जोडणारी दोरी ती ज्या, मधला बाण तो शर. निम्मी भूमिती शस्त्रागारातून आलीय! काटकोन त्रिकोणातल्या बाजू भुज, कोटि आणि कर्ण. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हेच शब्द आहेत. कोन काटकोनाला जेवढा कमी पडतो, तेवढ्या उरलेल्या कोनाची ज्या ती कोटिज्या. (इंग्रजीत ज्या म्हणजे साइन आणि कोटिज्या म्हणजे कोसाइन.) तो उरलेला कोन म्हणजे कोटिकोन.

टोकावरून पराकाष्ठा, पराकाष्ठेवरून शंभर लाख. आपल्या कोटितीर्थातली कोटि तीच. (समासात टि ऱ्हस्वच. ‘कोटीकोन’ लिहिणाऱ्यांनो, हात जोडतो.) वादातल्या एका बाजूलाही कोटि म्हणत, आणि शाब्दिक कोटी तिथूनच आली. यात माझी एक भर : धनुष्य एक, टोकं दोन, शब्द एक, अर्थ दोन. म्हणून ती कोटी! व्युत्पत्तीवाले नाक मुरडतील. मुरडोत.

पण अभिमानाच्या भरात ‘कोसाइनमधला को आपल्या कोटीचा’ असं ठोकून देणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो को लॅटिन ‘काँप्लिमेंटम’चा, एडमंड गुंटर या इंग्रजानं १६२० मध्ये तो जोडला. आपला आहे तो साइन! ज्या म्हणजेच जीवा. अरबीत तिचं ‘जीबा’ झालं, पुढं ते ‘जैब’ असं वाचलं गेलं, म्हणजे कपड्याची घडी, आणि लॅटिनमध्ये तिचं भाषांतर झालं ‘सायनस’. धनुष्याची दोरी कपड्याच्या घडीत हरवली, याहून सुरस काय हवं? खरं सोडून खोट्याची मिरवणूक कशाला काढायची?

हां, रेषीय जोडी राहिलीच. एक कोन रंकाळ्यावर आणि दुसरा पन्हाळ्यावर काढलात तरी बेरीज १८० असेल तर ते पूरकच. जोडी व्हायला मात्र ते शेजारी लागतात : शिरोबिंदू एक, एक भुजा सामाईक आणि उरलेल्या दोन भुजा विरुद्ध दिशांना, एका सरळ रेषेत. म्हणजे जोडीतले कोन पूरक असतातच, पूरक कोन जोडीत असतीलच असं नाही. आणि मुलाला म्हणावं, सरांना १२० चा पूरककोन विचार.