चाचणी आधी की पॉलिसी आधी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईला 46व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, तुमचं वय 34 आणि पदरात एक मुलगी. डॉक्टर बीआरसीए चाचणी, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकातला दोष शोधणारी तपासणी, करा म्हणतात. ओळखीतला एजंट म्हणतो, "चाचणी केलीत तर विमा मिळणार नाही, आणि केलीच तर कुठे लिहू नका." त्याचं पहिलं म्हणणं निम्मं खरं आहे. दुसरं ऐकलंत तर उद्या तुमच्या माणसांना भोगावं लागेल.

मी 22 वर्षं आयुर्विम्याचे प्रस्ताव तपासायचं काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी मेडिक्लेम, कारण तिथे कायदा तुमच्या बाजूने बराच सरकला आहे. दिल्लीतल्या एका विमाधारकाला हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार होता. 2011 मध्ये तो इस्पितळात दाखल झाला. युनायटेड इंडिया इन्शुरन्सने त्याचा क्लेम नाकारला, कारण पॉलिसीत 'जनुकीय आजार' वगळलेले होते. 26 फेब्रुवारी 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी हे कलम फार मोघम आणि भेदभाव करणारं ठरवलं. विचार करा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या सगळ्यांत घराण्याचा काही ना काही वाटा असतो. 'जनुकीय' म्हणून सगळंच वगळायचं तर विमा उरला कशाचा? हा निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्या व्यापक भागाला स्थगिती मिळाली. पण विमा नियामक असलेल्या इर्डाने सप्टेंबर 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून आरोग्य विम्यात जनुकीय आजार सरसकट वगळायला मनाई केली. तुमच्या दृष्टीने हे महत्त्वाचं.

दुसरं असं की, मेडिक्लेममध्ये ज्याच्या खर्चावर बंधनं येतात त्या 'आधीपासूनचा आजार' या व्याख्येत आजाराचं निदान किंवा त्यावरचा वैद्यकीय सल्ला-उपचार येतो. जनुकात दोष सापडणं म्हणजे कर्करोगाचं निदान नव्हे. कंपनीने तसा अर्थ लावला तर तो लेखी मागा आणि विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, पैसेही पडत नाहीत.

आता टर्म प्लॅन, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा. इथे मात्र मन घट्ट करा. जनुकीय चाचणीचा निकाल विचारू नका किंवा वापरू नका, असं आयुर्विमा कंपनीला सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. एचआयव्हीबाबत 2017च्या कायद्यात विम्यातल्या अन्याय्य वागणुकीला आडकाठी आहे, मानसिक आजारांबाबत त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यात विम्याची तरतूद आहे. जनुकांबाबत असं काही नाही. निकाल हातात असेल आणि फॉर्मवर तपासण्यांचा प्रश्न असेल, तर खरं उत्तर द्यावं लागतं. त्यावर कंपनी हप्ता वाढवू शकते, प्रस्ताव पुढे ढकलू शकते, नाकारूही शकते.

म्हणूनच 'लिहू नका' हा सल्ला घातक. एक फाइल अजून डोळ्यांपुढे आहे. कौटुंबिक इतिहासाच्या तक्त्यात आई, वडील, भाऊ, बहीण, प्रत्येकापुढे निळ्या शाईत एकाच हाताचं 'गुड, गुड, गुड, गुड'. खाली सही काळ्या शाईत, म्हणजे फॉर्म भरला एजंटाने आणि बाईंनी नुसती सही केली. पॉलिसीला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत त्या गेल्या. इस्पितळाच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत होतं: 'मदर, सीए ब्रेस्ट', म्हणजे आईला स्तनाचा कर्करोग. त्यांचे यजमान टेबलासमोर बसून एवढंच म्हणाले, "तिने सांगितलं होतं हो त्याला, तोच म्हणाला लिहायची गरज नाही." क्लेम नाकारण्याची टिपणी मला लिहावी लागली. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसीला तीन वर्षं झाली की तिच्यावर कोणत्याही कारणाने बोट ठेवता येत नाही, पण त्याआधी महत्त्वाची माहिती दडवलेली सापडली तर येतं. आणि सही ज्याची, फॉर्म त्याचा.

चाचणीआधी पॉलिसी घेणं अनैतिक आहे का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. जो निकाल अजून अस्तित्वातच नाही तो तुम्ही लपवत नाही. आईचा आणि मावशीचा आजार मात्र विचारला तर सांगायचाच. त्यामुळे हप्ता थोडा वाढेल कदाचित, पण ती पॉलिसी टिकेल.

कंपन्यांचं म्हणणं असतं की धोका कळलेली माणसंच मोठमोठे विमे घेतील आणि भुर्दंड बाकीच्यांना बसेल. नोकरीत असताना मलाही हे पटायचं. पण ब्रिटनमध्ये आयुर्विमा कंपन्या भविष्यातला धोका सांगणाऱ्या चाचण्यांपैकी फक्त हंटिंग्टन रोगाचा (मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचा) निकाल विचारू शकतात, तोही 5 लाख पौंडांपेक्षा मोठ्या विम्यासाठीच. तरीही तिथला विमा व्यवसाय बुडाला नाही. कॅनडाने 2017 मध्ये निकाल मागणं हाच गुन्हा ठरवला, 5 वर्षांपर्यंत कैद. 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हा कायदा 5 विरुद्ध 4 मतांनी टिकला. अमेरिकेचा 2008 चा कायदा आरोग्य विमा आणि नोकरीपुरताच आहे, आयुर्विमा त्यातून सुटला. तिथे राहणाऱ्या आपल्या मुली-सुनांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आपल्याकडे असा कायदा हवा आणि तो लवकर हवा, कारण जन्माने आलेल्या गोष्टीचा दंड कुणी कुणाकडून वसूल करू नये. शिवाय हा निकाल तुमच्या एकटीचा नसतो. तुमच्यात दोष निघाला तर तो तुमच्या मुलीत असण्याची शक्यता निम्मी, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विम्यापायी चाचणी वर्षभर लांबवू नका. बीआरसीए 1 मध्ये दोष असेल तर आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात साठ-सत्तरच्या घरात जाते. वेळेत कळलं तर दरवर्षी एमआरआय करता येतो, योग्य वयात अंडाशय काढण्याचा विचार करता येतो. पॉलिसीला महिनाभर द्या, त्यापलीकडे थांबू नका.

आणि चाचणी आधी आईची करा. आजार तिला झालाय, त्यामुळे दोष असला तर तिच्यात सापडण्याची शक्यता जास्त. तिच्यात सापडला आणि तुमच्यात तोच नसला, तर त्या दोषाची टांगती तलवार तुमच्यावरून गेली. उलट, तुमची आधी केली आणि काही निघालं नाही, तर त्याचा नेमका अर्थ लावता येत नाही. टाटा मेमोरियलमध्ये यासाठी कर्करोग-जनुकशास्त्राचा विभाग आहे. रक्त देण्याआधी तिथल्या समुपदेशकाशी बोलून घ्या, आईलाही सोबत न्या.

फॉर्म मात्र स्वतः भरा. आईपुढे लिहा: 'हयात, स्तनाचा कर्करोग, निदान वयाच्या 46व्या वर्षी'. मावशीसाठी तक्त्यात रकाना नसतो, पण इतर नातेवाइकांविषयी प्रश्न असेल तर तिथे लिहा. सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तो यजमानांच्या फोनवरही पाठवून ठेवा.