डोस मी दिला आणि काही झालं तर?

"मॅडम, गोवर-रुबेला लसीच्या दुसऱ्या डोसनंतर मुलं बोलायची थांबतात म्हणे. खरंय का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. सव्वा वर्षाच्या मुलाची एक आई नवऱ्यासोबत आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा म्हणाला, "हिला जरा समजवा, दिवसभर रील्स बघत असते." ती गप्प. मी त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

तिला म्हटलं, तो व्हिडिओ मला दाखव. एका परदेशी आईचा होता. सुईच्या आधी हसणारं बाळ, नंतर हाक मारूनही न बघणारं. रात्री बाळाला पाजताना तिने तो शेवटपर्यंत पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून तसेच व्हिडिओ येत राहिले. आपण किती वेळ थांबून पाहिलं हे ते ॲप टिपतं. घाबरून पाहिलं की आवडीने, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तिला मात्र वाटत होतं, जगभरच्या आया हेच सांगताहेत.

मग हळूहळू खरं ते बाहेर आलं. नणंदेच्या मुलाला दुसऱ्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं होतं. "डोस दिला नाही आणि गोवर झाला, तर नशीब म्हणता येईल. मी मांडीवर धरून सुई टोचून घेतली आणि काही झालं, तर?"

या आईला वेडी ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. ही भीती जबाबदारीतून येते.

मी तिला सांगितलं, लसीमुळे ऑटिझम होतो या समजाला जोर आला तो 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे. त्यात मुलं होती फक्त 12. तो लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला आणि त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले: लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. दुसरा डोस असतो 16 ते 24 महिन्यांत. बोलणं मागे पडलंय, मूल नावाला ओ देत नाही, हेही घरच्यांच्या लक्षात येतं ते साधारण याच वयात. त्या व्हिडिओतल्या आईचं दुःख खोटं नाही, तिने लावलेला संबंध चुकीचा आहे. आणि गोवर नशिबावर सोडण्याइतका साधा नाही. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात साथ आली, तेव्हा मुलं दगावली.

तिचं बाळ बोट दाखवून वस्तू मागत होतं, हाकेला वळत होतं. तरी बालरोगतज्ज्ञांकडून विकास तपासून घ्यायला सांगितलं. शंका असेल तर लस असो-नसो, तपासणी लांबवू नये. नवऱ्याला एकच काम दिलं: डोसच्या दिवशी बाळाला त्याने मांडीवर घ्यायचं. निर्णय दोघांचा, तर ती मांडीही एकटीची नको.

सतराव्या महिन्यात डोस झाला. आठवड्याने थोडा ताप आला. सात ते बारा दिवसांत असा ताप येऊ शकतो हे आधीच माहीत असल्याने ती घाबरली नाही. पुढची वेळ तिने नणंदेसाठी मागितली. तो डोस आपणच दिला म्हणून त्या इतकी वर्षं स्वतःला दोष देत होत्या. आता त्या येतात.