टूसॉनला जाताय? पहिला पावसाळा हातचा जाणार, हे धरूनच चला

तुम्ही लिहिलंय की संभाजीनगरहून एम.टेक. झालंय, अमेरिकेत टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात जलविज्ञानात पीएच.डी.ची जागा मिळालीय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार. ऑगस्टमध्ये निघू का, आणि तिकडे एकटं पडायला होतं का, हे दोन प्रश्न. व्हिसा, फी, विमा हे सगळं विद्यापीठाच्या साइटवर आहे, ते सोडून देते.

जमलं तर ऑगस्टमध्ये निघू नका. टूसॉनचा पाऊस वर्षाला ३०० मिमीच्या आसपास, त्यातला निम्मा जुलै ते सप्टेंबर. कोरड्या ओढ्यांना तिथे वॉश म्हणतात. त्यांना पाणी येतं ते याच दिवसांत, तेही तासा-दोन तासांचं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उतरलात तर बँक, सोशल सिक्युरिटी नंबर आणि लायसन्स यांतच सप्टेंबर संपतो. लायसन्स नाही म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे फील्ड नाही. पाच वर्षांत पावसाळे पाच. पहिला असा गेला, एखादा २०२० सारखा जवळजवळ कोरडा निघाला, की उरले तीन. जूनमध्ये रुजू होता येईल का, हे गाईडला आत्ताच विचारा. नाही म्हणाले तर टूम्बस्टोनजवळच्या वॉलनट गल्च पाणलोटाच्या नोंदी उघडा. सुमारे १५० चौरस किमीचं हे क्षेत्र अमेरिकेचं कृषी खातं १९५३ पासून मोजतंय आणि आकडे सगळ्यांना खुले आहेत. एका पर्जन्यमापकात ४० मिमी आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्यात शून्य, हे तिथे नेहमीचं. घरी बसून एवढं जरी पचवलंत तरी पुष्कळ झालं.

आता उपकरणं. एम.टेक.ला शिकलेला टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते मोजणारी पाण्याने भरलेली नळी, विसरा. तो ८०-८५ किलोपास्कलच्या ओढीपर्यंत चालतो, पुढे आत हवा शिरते, आणि तिथली माती मे महिन्यात त्याच्या कितीतरी पलीकडे गेलेली असते. विजेवर मातीचा ओलावा मोजणारा कपॅसिटन्स सेन्सर दुपारी ओलावा वाढल्याचं आणि पहाटे कमी झाल्याचं दाखवतो. ते पाणी नव्हे, मातीचं तापमान. म्हणून १०, ३० आणि ६० सेंमीवर प्रत्येक सेन्सरशेजारी तापमानही नोंदवा. केबल लोखंडी नळीतून न्या, नाहीतर उंदीर-खारी कुरतडून टाकतात. खाली कॅलिची लागते. आपली चुनखड म्हणा, पण सिमेंटसारखी, गिरमिट अर्ध्या मीटरवर अडतो. पहारीने फोडून खड्डा केलात आणि माती नुसती लोटून बुजवलात, की पाणी खड्ड्याच्या कडेने सरळ खाली उतरतं आणि सेन्सर सांगतो, वा, काय मुरलंय! ज्या क्रमाने माती काढली त्याच क्रमाने, पाच-पाच सेंमीचे थर ठोकत परत भरा.

पावसाच्या पाण्याचे समस्थानिक, म्हणजे त्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचे हलके-जड प्रकार, मोजणार असाल तर बाटली उघडी ठेवू नका. बाष्पीभवनात हलकं पाणी आधी उडतं, जड मागे राहतं, आणि या दोन्हींच्या आलेखावरची रेषा ८ च्या चढावरून ५ च्या जवळ येते. नमुना त्याच संध्याकाळी काढा, छोटी बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा नको.

आणि जमिनीत खोल किती पाणी मुरतं याचं एक गणित करून ठेवा. पाणी उडून जातं, त्यातलं क्लोराइड मागे साठतं, त्यावरून ते निघतं. समजा, पावसात क्लोराइड लिटरला अर्धा मिलिग्रॅम, मुळांच्या खालच्या मातीतल्या पाण्यात ५० मिलिग्रॅम. तर ३०० मिमीपैकी खाली जाणारं पाणी ३ मिमी. सपाट माळावर ते याहूनही कमी, जवळजवळ काहीच नाही. भूजलाचं खरं पुनर्भरण डोंगराच्या पायथ्याशी आणि वॉशच्या वाळूत होतं. पाच वर्षं तुम्ही मोजणार ते हे ३ मिमी.

खणताना एन-९५ मास्क लावा, माती ओली करून घ्या. त्या धुळीत व्हॅली फीव्हरची, म्हणजे फुफ्फुसाच्या एका आजाराची, बुरशी असते. सुट्टीला आल्यावर खोकला-ताप हटत नसेल तर इथल्या डॉक्टरांना ॲरिझोनात राहतो हे आपणहून सांगा, नाहीतर टीबीची औषधं सुरू होतील. आणि आभाळ निरभ्र असलं तरी वॉशमध्ये गाडी लावू नका. पाऊस वीस किलोमीटरवरच्या डोंगरात पडलेला असतो.

मुलीची शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो, त्यात तीन प्रश्न: घरात मुख्य भाषा कोणती, मूल जास्त कोणती बोलतं, पहिली कोणती शिकलं. आपण अभिमानाने तिन्ही ठिकाणी मराठी लिहितो. एका जरी उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली की ॲझेला नावाची इंग्रजीची परीक्षा. नव्या शाळेत बुजलेलं मूल गप्प बसतं आणि ते गप्प बसणं 'इंग्रजी येत नाही' म्हणून मोजलं जातं. मग रोजचे दोन-दोन तास इंग्रजीचे वेगळे धडे. खोटं लिहा म्हणत नाही. पण त्याआधी महिनाभर मुलीला अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायची सवय करा, आणि निकाल आला की शिक्षकांना लगेच भेटा. आम्ही 'बघू पुढे' म्हणत बसलो. ते अजून सलतं.

एकटं पडायला होतं का? तुम्हाला नाही होणार, वेळच नसतो. हा प्रश्न बायकोला विचारा. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, तिला नोकरी करता येणार नाही, तुम्ही फील्डवर, मुलगी शाळेत, बाहेर ४० अंश, आणि गाडी एकच. तिच्यासाठी दुसऱ्या गाडीचे पैसे पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरा, फर्निचर नंतर घ्या.

फोनचं सोपं आहे. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, फरक वर्षभर साडेबारा तासांचाच. संध्याकाळी सातला परतलात की घरी सकाळचे साडेसात, चहाची वेळ. तिकडून पहिला प्रश्न पावसाचाच येतो, आणि बहुतेक दिवस उत्तर 'नाही' हेच असतं.