उत्तर: घर आमच्या आवडीचं होणार की डिझायनरच्या?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हीच गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे निम्मी जोडपी येतात. दोनशेच्या वर फोटो सेव्ह केलेत, तुम्हाला उजळ मोकळं घर हवंय, नवऱ्याला गडद लाकडी काहीतरी, डिझायनरने दोन मीटिंगनंतर पाठवलेले थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली घराची चित्रं, दिसायला छान आहेत पण "हे आमचं घर वाटतच नाही". त्यात नवऱ्याच्या जुन्या रिक्लायनरला थीममध्ये जागा नाही म्हणे. मी १७ वर्षं इंटिरियर डिझाइनचंच काम करतेय, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारी आहे, तर आमच्या बाजूने हे कसं चालतं ते सांगते. लांबणार आहे, आधीच सांगितलेलं बरं.

दोन मीटिंगमध्ये कुणाची आवड कळत नाही. मला तरी नाही कळत. मीटिंगमध्ये लोक विशेषणं देतात, क्लासी, कोझी, मॉडर्न पण फार मॉडर्न नको, सिंपल पण रिच दिसलं पाहिजे. यातला एक शब्दही सुताराच्या हातात देऊन कपाट बनत नाही. ते शब्द मापात, मटेरियलमध्ये आणि उजेडात उतरवायचे, आमचं काम ते. कोझी म्हणजे काय असं खोदून विचारलं तर एकीला खिडकीशी पाय वर घेऊन बसायला जागा हवी असते, दुसऱ्याला पिवळसर लाईट, तिसऱ्याला फक्त सकाळी उठल्यावर पायाला गार फरशी लागायला नको असते. शब्द एकच आणि कामं तीन वेगळी.

म्हणून मी आधी राहतं घर बघायला जाते आणि फोनवरच सांगते की आवरू नका. तरी आवरतातच. पण आवरलं तरी काही गोष्टी लपत नाहीत, किल्ल्या कुठे टाकल्यात, चार्जर कुठल्या प्लगला कायमचा लटकलाय, सोफ्याची नेमकी कुठली बाजू खचलीय, आणि बेडरूममधली ती खुर्ची, जिच्यावर एकदा घातलेले पण अजून धुवायला न टाकलेले कपडे पडलेले असतात. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ही खुर्ची आहे आणि एकाही क्लायंटने ती ब्रीफमध्ये, म्हणजे काय काय हवं त्या यादीत, सांगितलेली नाही. नव्या डिझाइनमधून खुर्ची उडवली की ते कपडे बेडवर येतात, जातात कुठे! त्यापेक्षा वॉर्डरोबच्या कडेला ४० सेंटीमीटरभर उघडी जागा आणि चार-पाच हुक दिले की भागतं.

हे शहाणपण मला ठेच लागून आलंय. सुरुवातीच्या काळात एका बाईंनी पांढरंशुभ्र, चकचकीत, हँडल नसलेलं किचन मागितलं, फोटो दाखवला आणि मी तस्संच करून दिलं, हाय ग्लॉस पांढरी शटर्स, दाबलं की उघडणारी. काम झालं तेव्हा सगळे खूश. सात-आठ महिन्यांनी एका बिजागरीसाठी गेले तर ओट्याच्या कडेला ओलं फडकं घडी करून ठेवलेलं, आणि माझ्याशी बोलता बोलता बाई दोनदा उठून सिंकखालच्या शटरचा वरचा कोपरा पुसून आल्या, जिथे दाबतात तिथेच, बोटांचे ठसे. उघडलं की पुसायचं, दिवसभर हेच. तक्रार नव्हती, उलट मलाच म्हणाल्या "मीच मागितलं होतं ना". ते मला जास्त लागलं. डाग दिसला की पुसल्याशिवाय चैन न पडणारा स्वभाव त्यांचा, जुन्या घरात जाऊन दहा मिनिटं बसले असते तरी लक्षात आलं असतं. पांढरा रंग त्यांना खरंच आवडत होता, तो ठसे न उमटणाऱ्या मॅट लॅमिनेटमध्ये दिला असता आणि पकडायला एक साधी पट्टी दिली असती की झालं असतं काम.

असा घोटाळा करणारी मी एकटीच नाही म्हणा. आजच्या मॉड्युलर किचनची पणजी म्हणतात ते फ्रँकफर्ट किचन, १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी केलेलं, पावलं मोजून, कामाला लागणारा वेळ मोजून, साधारण १.९ बाय ३.४ मीटरमध्ये सगळं हाताशी. विलक्षण हुशारीचं काम, वादच नाही. पण ते एका माणसाच्या हिशोबाने होतं, दोघं आत शिरले की अडचण, आणि ज्यांना स्वयंपाकघरातच बसून जेवायची सवय होती त्यांची पंचाईत झाली. आणि गंमत म्हणजे पुढे बाईंनी स्वतःच सांगितलं की ते डिझाइन करेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाकच केला नव्हता.

बरं, तुमचे दोनशे फोटो. ते डिझायनरला असेच्या असे पाठवू नका, तो त्यातून सरासरी काढतो आणि सरासरी कुणालाच आवडत नाही, तुमचं तेच झालेलं दिसतंय. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता दहा-दहा निवडा. मग एकेक फोटो घेऊन मी काय करते, चक्क कागदाने त्यातला भाग झाकते. सोफा झाकला, आवडतोय का? हो. भिंतीचा रंग झाकला, तरी हो. खिडकी झाकली, "अं... आता नाही". म्हणजे तीन महिने ज्या सोफ्याच्या मागे होतात तो नकोच होता, उजेड हवा होता! भिंत पाडून खिडकी मोठी करणं दरवेळी जमत नाही पण पडद्याचा रॉड दोन्ही बाजूंना २०-२५ सेंटीमीटर जास्त घेता येतो म्हणजे पडदा काचेवरून पूर्ण बाजूला सरतो, खिडकीला चिकटलेलं उंच कपाट हलवता येतं. आणि पुष्कळदा फोटोत आवडलेली गोष्ट म्हणजे निव्वळ रिकामी जमीन असते, वाईड लेन्सने ताणलेली, वायरी, डस्टबिन, चपला सगळं फ्रेमबाहेर ढकलून काढलेली. ती हवी असेल तर उत्तर स्टोरेज आहे, स्टाईल नाही. आणखी एक, पाच-पाच फोटो अगदी न आवडणारे पण आणा. आवडीबद्दल माणूस लोकांना काय वाटेल ते सांगतो, नावड मात्र पोटातून येते.

आता उजळ विरुद्ध गडद. याच्यावरून मी नवरा-बायको माझ्यासमोर अबोला धरताना पाहिलेत. एका घरात असंच चाललेलं, त्याला गडद व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), तिला सगळं पांढरं. मी रात्री गेले त्यांच्याकडे. हॉलमध्ये ६५०० केल्व्हिनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर) पांढरेफक्क निळसर दिवे, सगळे एकाच बटणावर. तो दिवसभर स्क्रीनसमोर काम करणारा, त्याला घरी आल्यावर तो उजेड डोळ्यांत खुपायचा आणि तो त्यालाच "पांढरं घर" म्हणत होता. तिची अडचण वेगळी, ती दिवसा घरी असायची आणि हॉलचा आतला भाग दुपारी पण अंधारा. म्हणजे भांडण भिंतीचं नव्हतंच, दिव्यांचं होतं. मी त्यांच्या चालू घरातलेच दिवे बदलून २७०० चे लावले, कोपऱ्यात एक लॅम्प ठेवला आणि म्हटलं आठवडाभर राहा आणि मग बोलू. शेवटी भिंती फिक्या झाल्या, आतल्या बाजूच्या एकाच भिंतीला लाकूड आलं, आणि लाईटची तीन वेगळी सर्किट केली, वरचे, भिंतीवरचे आणि लॅम्पचे. तुम्ही पण काही ठरवायच्या आधी दिवे बदलून बघा, इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही. फक्त ओट्यावर पिवळा लाईट नको, तिथे ४००० च्या आसपास आणि रंग खरे दिसतील असे म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे घ्या.

रंगाचंही तसंच. शेडकार्डवरचा बोटाएवढा तुकडा बघून कधीही ठरवू नका, पूर्ण भिंतीवर तोच रंग भलताच तेज दिसतो. दोन बाय दोन फुटांच्या बोर्डावर दोन हात मारून घ्या, कडेला पांढरी पट्टी सोडा म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवत नाही, आणि तो बोर्ड दोन दिवस खोलीभर फिरवा, सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर फिका ग्रे हिरवट मारतो हे मी साईटवर स्वतः भोगलंय, क्लायंटला वाटलं रंगवाल्याने शेडच चुकवली. लॅमिनेट, टाईल आणि पडद्याचं कापड पण एकत्र, आडवं-उभं जसं लागणार तसं धरून, त्याच खोलीत बघायचं. दुकानातल्या उजेडात जुळलेले दोन रंग घरी वेगळे दिसतात, त्यात कुणाची फसवणूक नसते, उजेड बदलला की असं होतं.

मापं ही पण आवडच असते बरं का, कुणी तसं म्हणत नाही एवढंच. ओटा साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर करतात. पण बरोबर माप म्हणजे उभं राहून कोपर दुमडलं की जमिनीपासून कोपर जेवढं वर, त्यातून १० ते १५ सेंटीमीटर वजा. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईला हे ८०-८३ वर येतं, आणि ठरलेल्या मापाच्या ओट्यावर ती वर्षानुवर्षं खांदे उचलून काम करते. सिंकचा तळ खाली असतो म्हणून तो भाग उलट थोडा उंच घेतला तर कमरेला बरं. तुमच्यात कोण किती वेळ ओट्याशी असतं हे डिझायनरने विचारलं का? नसेल विचारलं तर तुम्हीच सांगा.

थ्रीडी "आपलं घर" वाटत नाही म्हणालात त्याचं एक कारण साधं आहे, त्यात तुमचं काहीच नाहीये. अशा रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या चित्रात, ऊन हवं तिथून येतं आणि शेल्फवर फुलदाणी आणि तीन पुस्तकं असतात. तुमची पुस्तकं फुटपट्टीने मोजा, किती फूट भरतात ते सांगा, चपलांचे जोड मोजा, लटकवायचे कपडे किती फूट आणि घडीचे किती. मग रिकाम्या जमिनीवर मास्किंग टेपने सोफा, बेड, टेबल आखा आणि त्यातून चाला. मुख्य वाट ९० सेंटीमीटर हवी, सोफा आणि सेंटर टेबलमध्ये ४०-४५. कपाटाचा दरवाजा उघडल्यावर मागे माणूस उभा राहतो का ते उभं राहूनच बघायचं. हे सगळं वायरिंगसाठी भिंती फोडायच्या आधी, नंतर मत बदललं तर प्रत्येक बदलाचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

एका सल्ल्याशी मात्र माझं पटत नाही. कायमचं सगळं न्यूट्रल ठेवा, आवड उशीच्या कव्हरांत दाखवा, असं सर्रास सांगतात. प्लंबिंग, वायरिंगपुरतं ठीक. पण ज्या माणसाला हिरवा रंग जीव की प्राण आहे आणि जो पुढची १५ वर्षं तिथेच राहणार आहे त्याने कुणा अनोळखी भावी गिऱ्हाइकासाठी बेज टाईल्स का बघत बसायचं? लावा हिरव्या. फक्त सगळ्या एकाच बॅचच्या आणि दहा टक्के जास्त घेऊन ठेवा, नंतर तीच शेड मिळत नाही.

तुमचा डिझायनर वाईट असेल असं नाही. त्याची पूर्ण झालेली दोन घरं बघायला मागा, रेंडर नाही, माणसं राहतायत अशी. दोन्ही एकाच साच्यातली वाटली तर तो स्वतःची स्टाईल विकतोय, आणि तीच तुम्हाला आवडत असेल तर तेही चालेल. तिथल्या लोकांना विचारा की त्याने तुम्हाला कुठे नाही म्हटलं आणि का. कुठेच नाही म्हटलं नसेल तर मला जरा शंका येते.

आणि ती रिक्लायनर. तो माणूस रोज तिच्यात बसतो ना? मग पहिल्यांदा तीच प्लॅनवर ठेवायला सांगा आणि बाकीचं तिच्याभोवती लावू द्या. पाय पूर्ण ताणून लांबी मोजा, पाठ मागे झुकते तेव्हा भिंतीपासून किती अंतर लागतं तेही. कापड विटलं असेल तर नवीन कव्हर चढवता येतं, बाकी सामानाशी जुळेल असं. आणि तिच्या उजव्या हाताला एक प्लग पॉइंट आणि लॅम्प. डावखुरा असेल तर डावीकडे.