जळकं सामान उचलायची घाई नको

प्रश्न : आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराला आग लागली. माणसं सुखरूप आहेत, पण स्वयंपाकघर आणि लगतची खोली गेली. आम्ही सात-आठ घरं मिळून उद्याच सगळं साफ करून देणार आहोत. त्यांचा घराचा विमा आहे. आणखी काय करता येईल?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : उद्या साफसफाई नको. विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळका फ्रिज आणि वितळलेला मिक्सर हा पुरावा असतो. एकदा तो भंगारात गेला की ‘होता कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. कंपनीला मात्र आजच कळवायला सांगा.

उद्या फोटो काढा. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, कपाटं उघडून आणि उपकरणांच्या मागच्या मॉडेल नंबरच्या पट्टीसकट. मग एकाने वही घेऊन शेजाऱ्यांजवळ बसावं : वस्तू, कधी घेतली, किती रुपये. बिलं जळाली असतील तर तुमच्या फोनमधले त्यांच्या घरच्या गणपतीचे फोटो शोधा. आरतीमागे टीव्ही, सोफा, कपाट सगळं दिसतं.

अग्निशमन दलाच्या अहवालासाठी आणि पोलिस ठाण्यातल्या नोंदीच्या प्रतीसाठी अर्ज करताना कुणीतरी सोबत जा. फुटलेल्या खिडकीवर ताडपत्री लावा आणि तिचं बिल ठेवा. आगीनंतर पावसाने वाढलेलं नुकसान ‘तुम्ही टाळू शकला असता’ म्हणून कापलं जाऊ शकतं. आगीचं मूळ सिलिंडरची गळती असेल तर गॅस एजन्सीला लेखी कळवायला सांगा. तेल कंपन्यांचा स्वतःचा विमा असतो, त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता पडत नाही. नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्यात 2 लाखांपर्यंत तरतूद आहे आणि ती फारच थोडे लोक मागतात.

मेन स्विच कुणीही चालू करू नये. उष्णतेने पाइपातल्या वायरीचं आवरण न जळलेल्या खोलीतही वितळलेलं असू शकतं, म्हणून परवानाधारक वायरमनकडून मेगर टेस्ट (वायरीचं आवरण शाबूत आहे का याची तपासणी) आधी. छताचं प्लास्टर फुगलं असेल किंवा आतल्या काँक्रीटला गुलाबी छटा आली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने पाहिल्याशिवाय तिथे उभंही राहू नका. काँक्रीट साधारण 300 अंशांच्या पुढे तापलं की ही छटा दिसते.

सफाईची वेळ येईल तेव्हा काजळीवर ओलं फडकं फिरवू नका, ती भिंतीत मुरते. आधी व्हॅक्यूम, मग कोरडा स्पंज. फ्रिजमधलं अन्न, धान्याचे डबे, औषधं : फोटो काढून सगळं फेकायचं.

आणि जुन्या कपड्यांची बोचकी नेऊन टाकू नका, ती ठेवायला त्यांच्याकडे जागा कुठे आहे? मापं विचारून प्रत्येकी दोन जोड, चार्जर, मुलांची वह्या-पुस्तकं, आणि पंधरा दिवस पाळीपाळीने डबा. वर्गणी एकाच खात्यात घ्या.

प्रश्न : आमच्या 700 चौरस फुटांच्या फ्लॅटची किंमत 90 लाख आहे. विमा तेवढ्याचाच काढावा का? सोसायटीची पॉलिसी आहे, मग वेगळी हवीच का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : 90 लाखांत जमिनीची किंमत आहे आणि जमीन जळत नाही. विमा पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा. हे 700 फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्र) असतील आणि बांधकामाचा दर फुटाला 2,500 धरला, तर 17.5 लाख. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळीकडे सारख्या अटींची पॉलिसी मिळते. त्यात घरासोबत सामानालाही इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप असतं. तुमच्या बाबतीत 3.5 लाख. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवा. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, रोकड मात्र बसत नाही. सोसायटीची पॉलिसी बहुधा इमारतीपुरतीच असते, तुमच्या कपाटातलं काही त्यात नसतं. भाडेकरूही नुसत्या सामानाचा विमा काढू शकतो.

प्रश्न : कपाटातल्या नोटा जळाल्या. बदलून मिळतील?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कडा जळालेल्या नोटा बँकेत दाखवा. कोळसा झालेल्या, हात लावताच तुटणाऱ्या नोटांची गड्डी सुटी करू नका, चिकटपट्टी लावू नका. आहे तशी कापसात ठेवून डब्यातून रिझर्व्ह बँकेच्या मुंबई कार्यालयात न्या. नोटेचा किती भाग शाबूत आहे, त्यावर पूर्ण, अर्धी किंवा शून्य रक्कम ठरते.