‘शोध लावला’ की ‘माग लागला’?

प्रश्न असा आला आहे : ‘कॅस१२ या विकराने थुंकीतल्या क्षयाच्या जीवाणूंचा शोध लावला’ हे वाक्य खटकतं. (विकर म्हणजे एन्झाइम; कॅस१२ हे डीएनए कापणारं विकर.) चूक आहे का?

आहे. क्षयाच्या जीवाणूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी लावला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. कोणालाच ठाऊक नव्हतं ते उजेडात आणलं, की शोध ‘लावला’. जत्रेत हरवलेल्या पोराचा शोध आपण ‘घेतो’, आणि पोर ‘सापडतं’.

मग ‘जीवाणू सापडले’ म्हणावं का? मला तेही पटत नाही. चाचणीत काय घडतं ते बघा. कॅस१२च्या सोबतीला एक छोटा आरएनए असतो, क्षयाच्या जीवाणूच्या डीएनएतल्या ठरावीक तुकड्याशी जुळणारा. नमुन्यातला डीएनए सहसा आधी अनेक पटींनी वाढवून घेतात. जुळणारा तुकडा भेटला की विकर तो कापतं, आणि मग आजूबाजूचा एकपदरी डीएनएही कापत सुटतं. जीवरसायनशास्त्रज्ञ जेनिफर डाउडना यांच्या प्रयोगशाळेने २०१८मध्ये याच खोडीचा विषाणूच्या चाचणीसाठी उपयोग करून दाखवला. मिश्रणात एकपदरी डीएनएचे धागे मुद्दाम घालतात. एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून धरणारा. धागा तुटला की चमक मोकळी होते. आपल्याला दिसते ती एवढीच चमक.

म्हणजे जीवाणू कुठे दिसलाच नाही, त्याच्या डीएनएची खूण पटली. उपचारांनी मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही काही काळ थुंकीत राहू शकतो, आणि तोही चमक देतो. म्हणून मला इथे ‘माग’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. पावलं बघून जाणता माणूस सांगतो की इथून जनावर गेलंय. ते अजून रानात आहे का, हे नुसत्या पावलांवरून कळत नाही.

‘सुगावा’ जवळचा आहे, पण त्यात कुणकुण लागल्याचा भाव आहे आणि इथे तर डीएनएच्या ठरावीक तुकड्याशी जुळणी झालेली असते. ‘छडा लावणे’ मी पुढच्या कामासाठी राखून ठेवीन : पटकीची साथ कोणत्या विहिरीतून पसरली, त्याचा छडा लावतात.

आणि ‘विकराने’ नको. माग काढतो तो तपासणारा माणूस. मी लिहीन : ‘कॅस१२ या विकराच्या मदतीने थुंकीत क्षयाच्या जीवाणूंचा माग लागला.’