जुने मिनी पोकलेन घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि दोन्ही मशीनचे फोटो मिळाले. राजापूरच्या बागेत स्वतः लक्ष घालायचे आणि उरलेल्या दिवसांत मिनी पोकलेन, म्हणजे चेनवर चालणारे खोदाईचे लहान मशीन, भाड्याने चालवायचे, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. गडगे (दगडी कुंपणे) ढासळलेत, चर बुजलेत आणि कामाला माणूस मिळत नाही, अशा बागा आपल्याकडे गावोगाव आहेत. तुला काम मिळेल. पण मशीन फोटोवरून ठरवू नकोस, आणि मीटरवरच्या तासांवरून तर मुळीच नको. मागच्या मालकाने ते कसे वापरले आणि बंद पडले तर तुझ्या बागेत मिस्त्री किती दिवसांत पोचेल, या दोन गोष्टींना मी किमतीपेक्षा जास्त वजन देतो.

आधी आकाराचे बोलू. तुला पावणेदोन टनाचे हवे आहे, कारण ते कलमांमधून सहज फिरते. माती असती तर मीही तेच सांगितले असते. पण तुझी निम्मी जमीन सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आहे. हापूसच्या कलमासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा लागतो. १० बाय १० मीटरवर लावलीस तर हेक्टरी असे १०० खड्डे. जांभ्याच्या कातळात एवढे लहान मशीन नुसते ओरखडे काढते. कातळ ब्रेकरने, म्हणजे पुढे बसवायच्या ठोके मारणाऱ्या हातोड्याने, फोडायचा, तर ब्रेकरचे हादरे सोसायला अंगात वजन हवे. म्हणून तीन ते साडेतीन टनाचे घे. त्याची रुंदी साधारण दीड मीटर असते, म्हणजे कलमांच्या ओळीतून ते जाते, आणि घरामागच्या शोषखड्ड्यापर्यंतही पोचते. पाच टनांच्या वर जाऊ नकोस. तिथे गाठ जेसीबीशी पडते. तो स्वतःच्या चाकांवर रस्त्याने कामावर जातो, तुला दर वेळी गाडी लागणार. जेसीबी जिथे शिरत नाही तेच काम तुझे.

गाडीचा खर्चही आत्ताच विचारात घे. साडेतीन टनाचे मशीन लहान टेम्पोत चढते म्हणून ते न्यायचे असे नाही. गाडीच्या कागदावर वहनक्षमता किती लिहिली आहे ते पाहा. आणि चेनवर चालवत दुसऱ्या वाडीत नेण्याची सवय ऑपरेटरला लागू देऊ नकोस. रोलर आणि चेन त्यातच संपतात.

चेन रबरी की लोखंडी, हे तू विचारले आहेस. आपल्या जांभ्याच्या धारदार कडांवर रबर कापले जाते, आतली तार उघडी पडली की तिला गंज धरतो, आणि नवी जोडी स्वस्त नसते. मी तुझ्या जागी लोखंडी चेन घेईन आणि कुणाच्या अंगणात पेव्हर ब्लॉक असतील तिथे खाली लाकडी फळ्या टाकीन.

आता पाहणी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांग की मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लाव. गरम लागले तर का तापवून ठेवले, हे विचार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन किती फेऱ्यांत लागते, धूर कोणत्या रंगाचा आणि किती वेळ येतो, ते पाहा. निळा धूर थांबतच नसेल तर ऑईल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑईल भरायचे झाकण जपून सैल कर. आतून भकाभका वाफ आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समज.

पण मिनी पोकलेनचा खरा खर्च हायड्रॉलिकमध्ये असतो, आणि तो दोष थंडपणी दिसत नाही. तेल थंड असते तेव्हा घट्ट असते, म्हणून झिजलेला पंपही दाब देतो. तासभर खरोखर खोदकाम करून घे. मग भरलेली बकेट वर उचलून, इंजिन बंद करून थांब. बूम, म्हणजे बकेट उचलणारा मोठा हात, डोळ्यांदेखत खाली यायला लागला तर सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. दोन्ही लिव्हर सारखे ढकलून सपाट जागी सरळ चालव. एका बाजूला ओढले तर त्या बाजूची ट्रॅव्हल मोटर, म्हणजे चेन फिरवणारी मोटर, थकलेली असू शकते. मोटरच्या गिअरचे ऑईल थोडे काढून बघ: दुधाळ असेल तर पाणी गेले आहे, चमचमत असेल तर आतले लोखंड झिजते आहे. हात फिरवून गळती शोधू नकोस. दाबाखालचे तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसते आणि बोट, कधी हातही कापायची पाळी येते. पुठ्ठा धरून पाहायचे.

लहान मशीनमध्ये आणखी एक जागा असते जी मोठ्यात नसते. बूम डावी-उजवीकडे वळतो तो पुढचा खांब आणि त्याची उभी पिन. बकेट जमिनीपासून जरा उचलून दोघांनी ती बाजूला हलवा. बकेटच्या सांध्यातल्या पिन-बुशमध्ये थोडा खेळ असला तर घाबरू नकोस, कोल्हापूरला लेथवर ते काम चांगले होते. पण त्या खांबात किंवा वरचे धड फिरते त्या स्विंग बेअरिंगमध्ये खडखड असेल, तर कितीही स्वस्त मिळाले तरी सोड. नवीन रंगाच्या खाली वेल्डिंगचा उंचवटा लागतो का, तेही बूमच्या सांध्यांवर नीट बघ.

ब्रेकरची पाइपलाइन बसवलेली असेल तर ब्रेकर किती चालला ते विचार. ब्रेकरवरच आयुष्य गेलेल्या मशीनच्या पिना सैल होतात, बूमला चिरा पडतात, तेलात कचरा येतो. मीटरवर तास थोडे दिसतात, पण पेडलचे रबर, सीट, लिव्हरची मूठ यांची झीज मीटरइतकी सहज बदलता येत नाही.

तुझ्या फोटोतले दुसरे मशीन चिपळूणचे आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते कुठे होते, हा प्रश्न थेट विचार. कोल्हापूर-सांगलीकडचे घेणार असशील तर ऑगस्ट २०१९ बद्दलही तसाच. सीटखाली, फ्यूजच्या डब्यात, वायरींच्या जोडांमध्ये वाळलेला गाळ सापडतो. बुडालेले मशीन धुऊन चकाचक करता येते, पण वायरिंग पुढे कित्येक महिने त्रास देत राहते.

कंपनीबद्दल माझा हट्ट नाही. टाटा हिताची, जेसीबी, कुबोटा, सानी, यांतले कोणतेही चालेल. राजापूर-लांजा पट्ट्यात त्या मॉडेलची किती मशीन चालतात आणि त्यांचा मिस्त्री कोण, ते आधी विचारून ये. जपानहून आलेले जुने मशीन घ्यायला हरकत नाही, पण आयातीचे कागद आणि फिल्टर-सील कुठून मिळतात याचे पक्के उत्तर असेल तरच.

कागदांत हयगय नको. चेनच्या मशीनला गाडीसारखे आरसी बुक सहसा नसते, त्यामुळे मालकी सिद्ध करायला मूळ बिल हाच आधार. पाटीवरचा सिरीयल नंबर चॅसिवरच्या नंबराशी आणि बिलाशी जुळव, इंजिन नंबरही. कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नकोस, आणि पैसे बँकेतूनच दे.

हप्त्याचा हिशोब मी असा मांडतो. मातीकाम ऑक्टोबरअखेर ते मे, म्हणजे सात महिने. महिन्याला २० दिवस, दिवसाला ६ तास धर. वर्षाचे ८४० तास झाले. हप्ता २५,००० रुपये असेल तर तो बारा महिने जातो: तासाला सुमारे ३५७. चांगला ऑपरेटर पावसात सोडला तर परत येत नाही. त्याला वर्षभर महिना २०,००० दिलेस तर तासाला २८६. डिझेल तासाला साडेतीन लिटर, लिटरला ९० रुपये धरून ३१५. दुरुस्ती, विमा आणि गाडीभाडे धरण्याआधीच ९५८ रुपये झाले. तुमच्याकडे मिनीला तासाला काय मिळते ते चार जणांना विचार आणि हे आकडे त्यापुढे ठेव. पहिल्या वर्षी ८४० तास भरतीलच असे धरू नकोस, म्हणून हप्ता लहान ठेव.

कंत्राटी कामात रात्री जांभ्याचा चिरा किंवा वाळू काढायला मशीन मागणारे येतील. पैसे रोख आणि जास्त देतील. तू जायचे नाहीस. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना गौण खनिज काढणारे मशीन जप्त होते, आणि जप्तीत हप्ता थांबत नाही. मालकाकडचा परवाना बघितल्याशिवाय बकेट टेकवू नकोस. आणि उभ्या चराच्या कडेला मशीन असताना चरात माणूस उतरवू नकोस, घाई कितीही असो.

पावसाळ्यात मशीन फळ्यांवर उभे कर, सिलिंडरचे उघडे रॉड ग्रीसने माख, टाकी डिझेलने भरलेली ठेव म्हणजे आत पाणी सुटत नाही, आणि पंधरवड्यातून एकदा चालवून तेल फिरव. उंदीर वायरी खातात, तेवढे बघ.

पहिले मशीन, लांज्याचे, मला फोटोत बरे वाटते. पिनांजवळ ताजे ग्रीस आणि जुने ग्रीस दोन्ही दिसते, म्हणजे कुणीतरी नेमाने भरत आले आहे. कोणत्या दिवशी बघायला जाणार ते कळव. माझ्या ओळखीचे मिस्त्री सोबत येतील, त्यांना मी सांगून ठेवतो. ते हो म्हणेपर्यंत विसार देऊ नकोस.

तुझा,
काका